चौकोनांचे दिवस

२०१० ते २०१२ च्या दरम्यान ज्यांनी आपला पहिला अँड्रॉइड फोन घेतला, त्यांना ते चौकोन नक्की आठवत असतील. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानातून फोन घ्यायचा, नेट पॅक मारायचा आणि हौसेनं मराठी दैनिकाचं संकेतस्थळ उघडायचं. बातमीच्या जागी पडद्यावर यायच्या रिकाम्या चौकोनांच्या ओळीच्या ओळी. मथळा चौकोनांत, मजकूर चौकोनांत, छायाचित्राखालची ओळसुद्धा चौकोनांत. फोन बिघडला असं समजून लोक दुकानात परत जायचे. फोन धडधाकट असायचा, त्याच्या पोटात देवनागरीची अक्षरंच भरलेली नसायची.

त्यावर एक तोड निघाली आणि ती तोंडी पसरली. ऑपेरा मिनी हा ब्राउझर उतरवून घ्यायचा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत 'ऑपेरा', मग कोलन, मग 'कॉन्फिग' असं टाइप करायचं. एक ओबडधोबड यादी उघडायची. त्या यादीत 'यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' अशी एक ओळ असायची. तिथलं 'नो' काढून 'यस' करायचं, सेव्ह दाबायचं आणि पान पुन्हा उघडायचं. चौकोनांच्या जागी मराठी! ऑपेराचा दूरदेशीचा सर्व्हर मजकुराची बारीक बारीक चित्रं करून फोनकडे धाडायचा. फोनला अजूनही मराठी येत नव्हती, तो नुसती चित्रं दाखवत होता. डेटा जास्त जायचा, अक्षरं फुटकी दिसायची, पण बातमी वाचता यायची. कॉलेजातल्या पोरांनी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ही सेटिंग करून दिली.

मोबाइलच्या ऑपरेटिंग सिस्टिमनं वापरणाऱ्याला किती मोकळीक द्यावी, याची चर्चा हल्ली वॉलपेपर, थीम आणि आयकॉनचे रंग यांच्याभोवती फिरते. मराठी वापरकर्त्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न रंगरंगोटीचा कधीच नव्हता. कंपन्यांनी सन्मानानं बोलावण्याच्या कितीतरी आधी मराठी मोबाइलमध्ये शिरली, ती कुठल्यातरी यादीत बदलता येण्याजोगी एक ओळ उरली होती म्हणून. ज्या फोननं फेरफार करू दिला त्यावर ती आधी आली. ज्यानं करू दिला नाही त्यावर ती फार उशिरा आली.

विकत घेतलेलं यंत्र उघडून आपल्या कामाजोगतं वळवून घ्यायचं, ही तर कोल्हापूरची जुनी खोड. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांना सिनेमाचं वेड लागलं तेव्हा कॅमेरा बाहेरून येणारी, आतून अगम्य अशी वस्तू होती. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीनं कॅमेऱ्याची खटपट पुढे चालवली, सुटे भाग इथेच घडवले आणि स्वतः जुळवलेल्या यंत्रावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचं चित्रण सुरू केलं. १९२० चा 'सैरंध्री' त्यातून आला. खरी कॉर्नरला उभा असलेला कॅमेऱ्याचा स्तंभ त्या खटपटीची आठवण आहे. उद्यमनगरातल्या लेथवर ही वृत्ती पुढे कित्येक दशकं टिकली.

मोबाइल आला तेव्हा मात्र हात बाहेरच अडकला. नोकियाचा काळ म्हणजे बदलत्या पॅनेलचा काळ. ५११० आणि ३३१० ची पुढची बॉडी खटकन निघायची आणि बाजारात पन्नास रंगांची पॅनेलं मिळायची. १९९८ मध्ये ५११० वर 'सारे जहाँ से अच्छा'ची रिंगटोन आली. ३३१० मध्ये स्वतःची धून रचता यायची, आणि कुठल्या बटणांनी कुठलं गाणं वाजतं याच्या चिठ्ठ्या वर्गात फिरायच्या. २००० च्या सुमारास नोकियानं हिंदी मेनू आणला. पुढे स्वस्त हँडसेटच्या बटणांवर इंग्रजीच्या शेजारी बारीक देवनागरी अक्षरंही छापून येऊ लागली.

तरी मराठी माणूस एसेमेस करायचा तो रोमन लिपीतच. कारण खिशाशी निगडित होतं. इंग्रजी अक्षरांत एका एसेमेसमध्ये १६० अक्षरं मावायची. देवनागरी वापरली की संदेश युनिकोडमध्ये जायचा आणि मर्यादा ७० वर यायची. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं अक्षर म्हणून मोजलं जायचं. 'कोल्हापूर' हा आपल्याला चार अक्षरी वाटणारा शब्द तिथे नऊ जागा खायचा. शिवाय समोरच्याचा फोन देवनागरी दाखवेलच याचा भरवसा नाही. म्हणून एक अख्खी पिढी 'कसा आहेस' रोमनमध्ये लिहायला शिकली, आणि ती सवय आजही अनेकांच्या बोटांतून गेलेली नाही. भाषेवर प्रेम नव्हतं म्हणून हे झालं नाही. यंत्रानं लिपीवर दुप्पट भाडं लावलं होतं.

मग दोन वाटा फुटल्या. ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन भारतात विक्रीला आला. देखणा, गुळगुळीत आणि आतून कुलूपबंद. कळफलक कंपनी देईल तोच, ॲप कंपनीच्या दुकानातूनच, पडदा ती मांडेल तसाच. अमेरिका-युरोपातल्या हुशार पोरांनी २००७ पासूनच ते कुलूप तोडायला सुरुवात केली होती. त्याला ते 'जेलब्रेक' म्हणत. दुसरी वाट गूगलच्या अँड्रॉइडची. २००९ च्या जुलैत एचटीसी मॅजिक हा पहिला अँड्रॉइड फोन भारतात आला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आलेल्या अँड्रॉइड १.५ मध्ये एक सोय होती, जिच्याकडे आपल्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नसेल: बाहेरच्या कुणीही तयार केलेला कळफलक फोनमध्ये बसवता येत होता. आयफोननं ही मुभा दिली ती सप्टेंबर २०१४ मध्ये, साडेपाच वर्षांनी. मराठीसाठी या साडेपाच वर्षांत फार मोठं काम होऊन गेलं.

पण कळफलकाच्या आधी अक्षर दिसायला हवं होतं. काही उत्साही मंडळींनी फोन 'रूट' करायला सुरुवात केली, म्हणजे कंपनीनं लावलेली बंधनं काढून सिस्टिमचा पूर्ण ताबा घ्यायचा. मग फोनमधली 'ड्रॉइड सान्स फॉलबॅक' नावाची फॉन्टची फाइल काढून तिच्या जागी देवनागरी असलेली फाइल ठेवायची. रेड हॅट कंपनीनं २००४ मध्ये खुले केलेले 'लोहित' फॉन्ट असल्या कामी उपयोगी पडत. पुण्यातल्या अभियंत्यांनी त्या फॉन्टवर पुढे वर्षानुवर्षं मेहनत घेतली आहे. फाइल बदलली की चौकोन जायचे, पण नवीच गंमत सुरू व्हायची. अक्षरं होती, त्यांना जोडणारं ज्ञान नव्हतं. 'शिवाजी'तली पहिली वेलांटी श च्या डावीकडे न येता उजवीकडे लटकायची. 'कोल्हापूर'मधलं जोडाक्षर सुटून पाय मोडलेला 'ल्' वेगळा आणि 'हा' वेगळा दिसायचा. 'शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर' एवढ्या तीन शब्दांत चार अपघात. इंग्रजी अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम भागतं. देवनागरीत कुणी कुणाच्या डोक्यावर बसतं, कुणी पायाशी जातं, कुणी उडी मारून मागे जातं. हे सगळं सांभाळणारी यंत्रणा अँड्रॉइडमध्ये ४.० नंतरच्या आवृत्त्यांत हळूहळू नीट बसत गेली.

रूट करण्यात धोका होता. वॉरंटी जायची. एखादी पायरी चुकली तर फोनची 'वीट' व्हायची, म्हणजे चालूच व्हायचा नाही, आणि मग दुरुस्तीवाल्याकडे जाऊन 'सॉफ्टवेअर मारून' आणावं लागायचं. तरीही लोक हे करत होते, केवळ आपल्या भाषेतला मजकूर वाचता यावा म्हणून. ज्या कामासाठी इंग्रजी वाचकाला काहीच करावं लागत नव्हतं, त्यासाठी मराठी वाचक दहा हजारांचा फोन पणाला लावत होता.

अक्षर दिसायला लागल्यावरही ते मराठी दिसत होतं का? महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमाला प्रमाणित केली. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हे मराठीचे आकार म्हणून नक्की केले. फोनवरचे बहुतेक फॉन्ट हिंदीसाठी रेखलेले, त्यामुळे त्यांतला ल दंडाचा. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत, म्हणून जुन्या फोनवर 'ॲप' या शब्दाचं पहिलंच अक्षर पुन्हा चौकोनात जायचं. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला अर्धा र अनेक हिंदी कळफलकांवर सापडतच नसे. फॉन्टमध्ये एकाच अक्षराचे हिंदी आणि मराठी असे दोन्ही आकार ठेवता येतात आणि फोनची भाषा पाहून योग्य तो दाखवता येतो. तंत्र तयार आहे. वापरणाऱ्याला फॉन्ट निवडता येत असता तर ते वापरायला कंपनीची वाट पाहावी लागली नसती. आजही बहुतेक फोनमध्ये संपूर्ण सिस्टिमचा फॉन्ट आपल्या मर्जीनं बदलता येत नाही. मिळाला तर कंपनीच्या थीमच्या दुकानातला घ्यावा लागतो.

आता कळफलकाकडे. देवनागरीचा संगणकीय कळफलक कसा असावा याचा विचार भारतात १९८६ पासून झालेला होता. 'इनस्क्रिप्ट' ही सरकारमान्य मांडणी त्यातून आली आणि पुण्याच्या सी-डॅकनं भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी मोठं काम केलं. पण ती मांडणी दहा बोटांनी टाइप करणाऱ्यासाठी होती. मोबाइलवर चालतो तो एक अंगठा.

त्या अंगठ्याचा विचार पवईत झाला. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्यांच्या कळफलकावर आधीपासून संशोधन करत होते. २०१३ मध्ये त्यांनी 'स्वरचक्र' हा कळफलक अँड्रॉइडवर मोफत उपलब्ध केला. त्याची रचना पाहिली की तो मराठी शाळेतून आल्यासारखा वाटतो. क, ख, ग, घ अशी व्यंजनं पाटीवरच्या क्रमानं मांडलेली. 'क' वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती एक चक्र उमलतं: का, कि, की, कु, कू... बाराखडी गोलाकार. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवायचं आणि सोडायचं. नुसता क हवा असेल तर बोट जागेवरूनच उचलायचं. जोडाक्षरासाठी हलन्ताकडे सरकवलं की सगळा कळफलक बदलतो आणि प्रत्येक कळीवर क ला ते व्यंजन जोडल्यावर काय दिसेल ते आधीच दिसतं: क्य, क्र, क्ल, क्व. ज्याला इंग्रजी टायपिंग येत नाही, ज्यानं आयुष्यात कधी टंकयंत्राला हात लावला नाही, पण चौथीपर्यंत बाराखडी घोकली आहे, अशा माणसाला हे पाच मिनिटांत जमतं.

मराठी संगणनाच्या इतिहासातला हा एक सुंदर टप्पा आहे आणि त्याचं श्रेय जितकं आयडीसीच्या कल्पकतेला, तितकंच २००९ मधल्या त्या उघड्या दाराला आहे. दार बंद असतं तर स्वरचक्र एक शोधनिबंध म्हणून ग्रंथालयात राहिलं असतं. त्याच दारातून मल्टिलिंगसारखे छोटे कळफलक आले, गूगलचा भारतीय भाषांचा कळफलक आला, आणि रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी उमटवणारी सोय आली. ती सोय रोमन एसेमेसवर वाढलेल्या पिढीला आयती मानवली.

याच पवईतून आणखी एक मोठं धाडस सुरू झालं होतं. राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बंगारमबंडी या आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी फक्त कळफलक नव्हे, अख्खी ऑपरेटिंग सिस्टिमच भारतीय भाषांसाठी बेतायची ठरवली. पाया अँड्रॉइडचाच, वरची मांडणी त्यांची. आधी तिचं नाव 'फर्स्टटच' होतं आणि पहिला प्रयोग गुजरातीत झाला. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या फोनवर ती आली आणि त्याच वर्षअखेरीस 'इंडस ओएस' या नावानं ओळखली जाऊ लागली. मराठीही तिच्यात होती. इंग्रजीत आलेल्या संदेशावरून बोट एका दिशेला फिरवलं की भाषांतर, दुसऱ्या दिशेला फिरवलं की लिप्यंतर. ॲपसाठी त्यांचं स्वतःचं 'ॲप बझार' होतं. तिथे ईमेल खात्याची अट नव्हती आणि पैसे मोबाइलच्या बॅलन्समधून कापले जायचे. ज्याचं ईमेल खातं दुकानदारानं उघडून दिलं आणि पासवर्ड दुकानदारालाच माहीत, अशा ग्राहकाला या सोयीची किंमत विचारावी. काउंटरपॉइंट या संस्थेच्या पाहणीनुसार काही काळ इंडस ओएसनं भारतात आयफोनच्या सिस्टिमलाही मागे टाकून दुसरा क्रमांक घेतला होता.

ती टिकली नाही. २०१४ च्या जुलैत शाओमी भारतात आली, ऑनलाइन विक्रीत तिचे फोन काही सेकंदांत संपू लागले, आणि मायक्रोमॅक्ससह देशी कंपन्या दोन-तीन वर्षांत मागे पडल्या. ज्यांच्या फोनवर इंडस चालायची त्याच उरल्या नाहीत. गूगलचे करारही आडवे होते: प्ले स्टोअर हवं असेल तर अँड्रॉइडमध्ये मनाजोगता फेरफार करणाऱ्या फोनना हात लावायचा नाही, अशी अट कंपन्यांवर असायची. इंडसनं मग ॲपच्या दुकानावर भर दिला आणि २०१९ मध्ये सॅमसंगशी जोडून घेतलं. पुढे फोनपेनं ती कंपनी विकत घेतली. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी 'इंडस ॲपस्टोअर' बारा भारतीय भाषांत सुरू झालं. सिस्टिम गेली, दुकान उरलं.

इंडस फोनवर आली त्याच सुमारास मायक्रोमॅक्सनं आणखी एक डाव टाकला होता. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेली सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडची खुली आवृत्ती हौशी मंडळींत जगभर गाजलेली होती. तिच्यामागच्या कंपनीशी भारतापुरता हक्काचा करार करून मायक्रोमॅक्सनं यू युरेका हा फोन काढला. त्यावरून डिसेंबर २०१४ मध्ये वनप्लसशी दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला आणि वनप्लस वनची विक्री काही दिवस थांबली. सर्वांसाठी खुल्या असलेल्या गोष्टीचा हक्क एकालाच विकला गेला की काय होतं, ते तेव्हा दिसलं. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉडमागची कंपनी आपली सेवा बंद करून मोकळी झाली. हौशी लोकांनी तेच काम 'लिनिएजओएस' या नावानं पुढे नेलं आणि ते आजही चालू आहे.

गूगलनं मराठीची दखल घेतली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये. अँड्रॉइड ५.० मध्ये जे पंधरा नवे भाषापर्याय आले, त्यांत मराठी होती. आता कुठल्याही यादीतली ओळ शोधायची गरज नव्हती. सेटिंगमध्ये जाऊन 'मराठी' निवडलं की सगळा फोन मराठीत. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं मोबाइल हँडसेटसाठी भारतीय मानक आणलं. सर्व अधिकृत भारतीय भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी-हिंदीबरोबर आणखी किमान एका भारतीय भाषेत टाइप करता यावं, अशी ती अट. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलनं मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली.

या सगळ्याचा अर्थ कोल्हापूरला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कळला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शहराचा संपर्क तुटला. बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत सोय केली आहे, हे सगळं फोनाफोनी मराठीत फिरत होतं. आंबेवाडी-चिखलीतल्या माणसाला ते वाचायला चित्रं करून देणाऱ्या दूरदेशीच्या सर्व्हरची गरज नव्हती. त्याला अंगठ्यानं उत्तर देता येत होतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी असाच पूर आला असता तर त्या संदेशांच्या जागी अनेक पडद्यांवर चौकोन असते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं आपल्या शेतात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद स्वतः करायची. म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद आता फोनच्या पडद्यावरून जाते. अक्षर मोठं करता येणं, भाषा बदलता येणं, सोसेल तो कळफलक बसवता येणं, या गोष्टींना अजून कुणी हौसेचा मामला म्हणत असेल तर त्यानं करवीर किंवा शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या बांधावर जाऊन बघावं.

आयफोनचं काय झालं? मराठी कळफलक त्यावर २०१४ मध्ये आला. पडद्यावर आयकॉन हव्या त्या रिकाम्या जागी ठेवायची मुभा सप्टेंबर २०२४ मध्ये आली. आणि फोनचा मेनू मराठीत करण्याची सोय आली ती आयओएस १८.४ मध्ये, म्हणजे मार्च २०२५ च्या शेवटच्या दिवशी. बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू अशा आणखी नऊ भाषाही त्याच दिवशी आल्या. भारतात पहिला आयफोन विकला गेल्यापासून साडेसोळा वर्षांनी! ही कंपनी जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक. मराठी बोलणारे आठ कोटींहून जास्त. उशीर पैशांअभावी झाला नाही, तंत्राअभावीही नाही. निर्णय एकाच्या हातात होता आणि बाहेरच्या कुणाला तो निर्णय होण्याआधी काही करून दाखवता येत नव्हतं. अँड्रॉइडवर मात्र स्वरचक्र आणि रूट करणारी पोरं यांनी मागणी आहे हे सिद्ध करून दाखवलं आणि मग कंपनी मागून आली.

अँड्रॉइडचं दार पूर्वीइतकं उघडं राहिलेलं नाही, हेही नोंदवायला हवं. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोनमध्ये आधीच भरलेली ॲप काढता यावीत, शोधाचं साधन सुरुवातीलाच निवडता यावं, अँड्रॉइडमध्ये फेरफार करणाऱ्यांना अडवू नये, असे आदेश दिले. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये त्याला स्थगिती नाकारली. गूगलनं काही बदल जाहीर केले. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण चार आदेश रद्द केले, आणि त्यांत आधीच भरलेली ॲप काढू देण्याचाही आदेश होता. त्यामुळे पैसे मोजून घेतलेल्या फोनमधलं नको असलेलं ॲप आजही अनेकदा फक्त झाकता येतं, काढता येत नाही. सरकारलाही ॲप आधीच भरून देण्याचा मोह झाला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'संचार साथी' ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये भरण्याचा आदेश निघाला आणि ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेतला गेला.

मोकळीक द्यावी म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही बघितली पाहिजे, कारण ती गंभीर आहे. लग्नपत्रिका म्हणून, वाहनाचं चलन म्हणून, शेतकरी योजनेचा अर्ज म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल येते. माणूस दाबतो, परवानग्या देतो आणि बँकेचं खातं रिकामं होतं. पोलिसांचे सायबर विभाग यावर वारंवार सावध करत असतात. हे ॲप ज्या दारातून आत येतं ते तेच दार आहे, ज्यातून एकेकाळी मराठी आली. गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की यापुढे ओळख पटवलेल्या विकसकांचीच ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसवता येतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, नंतर जगभर. जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असंही टीकेनंतर कंपनीनं सांगितलं आहे.

चोर येतो म्हणून दाराला कडी हवीच, पण ती आतून हवी. फोन हातात येतो तेव्हा तो सुरक्षित आणि बंदिस्त असावा, यात वाद नाही. मात्र कळफलक, फॉन्ट, भाषा, मुखपृष्ठ, नको असलेली ॲप काढणं, दुसऱ्या दुकानातून ॲप घेणं, या बाबतींत शेवटचा शब्द फोन विकत घेणाऱ्याचा असला पाहिजे. धोक्याची सूचना ठळक मराठीत द्यावी, दोनदा विचारावं, एक रात्र थांबवावं, पण वाट बंद करू नये. पुढची अडलेली भाषा कदाचित गोंडी असेल, कोरकू असेल, किंवा मोडी वाचणाऱ्यांची लिपी असेल. त्यांच्यासाठी कंपनी केव्हा हलेल याचा भरवसा नाही. पवईतला एखादा प्राध्यापक किंवा कोल्हापुरातली एखादी पोरगी उद्या हलेल, जर तिला हलू दिलं तर.

मागणी दिसल्याशिवाय कंपन्या मोजत नाहीत, आणि ती दिसते आकड्यांतून. फोन विकत घेताना दुकानदार घाईनं इंग्रजी निवडून पुढे जातो, तिथे त्याला थांबवा. भाषा मराठी करायला सांगा. घरी आधीच फोन असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आज करा, आणि आई-वडिलांच्या फोनवर अक्षर मोठं करून, त्यांना जमेल तो कळफलक बसवून द्या.